मालमत्ता हस्तांतरण करातील प्रथम गृहखरेदी सवलत

स्थावर मालमत्तेच्या खरेदी-विक्रीवर आकारल्या जाणाऱ्या करातून, पहिल्यांदाच राहते घर विकत घेणाऱ्या व्यक्तीला दिली जाणारी पूर्ण वा अंशतः सूट म्हणजे प्रथम गृहखरेदी सवलत होय. हस्तांतरण कर खरेदीच्या वेळीच व एकरकमी भरावा लागतो. तारणकर्जातून तो सहसा भागविता येत नाही. त्यामुळे ज्यांच्याजवळ पूर्वीचे घर विकून आलेले भांडवल नसते, अशा तरुण कुटुंबांना त्याचा भार विशेष जाणवतो. हा भार हलका करणे, हा या सवलतीचा मूळ हेतू होय. तिचा विकास ब्रिटन व कॅनडा या देशांत ठळकपणे पाहावयास मिळतो.

पूर्वपीठिका : मुद्रांक शुल्काची पद्धत १६२४ मध्ये नेदर्लंड्समध्ये सुरू झाली. इंग्लंडमध्ये फ्रान्सविरुद्धच्या युद्धाच्या खर्चासाठी १६९४ मध्ये ते चार वर्षांपुरते बसविण्यात आले; तथापि ते कायमचेच ठरले. १८९१ च्या मुद्रांक अधिनियमाने या विषयावरील तरतुदी एकत्रित केल्या. हे शुल्क मूलतः दस्तऐवजावरील होते. १ डिसेंबर २००३ पासून जमीन व इमारती यांच्या बाबतीत त्याची जागा मुद्रांक शुल्क भूमी कराने घेतली व दस्तऐवजाऐवजी व्यवहार हाच करपात्र ठरला.

ब्रिटनमधील सवलत : २५ मार्च २०१० पासून दोन वर्षांसाठी प्रथम खरेदीदारांची करमुक्त मर्यादा १,२५,००० पौंडांवरून २,५०,००० पौंड करण्यात आली. त्या काळी कराचा दर संपूर्ण किंमतीस लागू होत असे. २,५०,००० पौंडांच्या घरावर सामान्य खरेदीदारास एक टक्का म्हणजे २,५०० पौंड, तर त्याहून एका पौंडाने महाग घरावर तीन टक्क्यांनुसार सुमारे ७,५०० पौंड भरावे लागत. या मर्यादेपाशी प्रथम खरेदीदारास बसणारा धक्का तर अधिकच मोठा होता. कारण तेथपर्यंत त्यास काहीच भरावे लागत नसे. डिसेंबर २०१४ मध्ये ही पद्धत रद्द होऊन किंमतीच्या प्रत्येक टप्प्यास स्वतंत्र दर लागू झाला.

२२ नोव्हेंबर २०१७ पासून सवलत नव्या स्वरूपात आली. ३,००,००० पौंडांपर्यंत कर माफ झाला आणि त्यापुढील ५,००,००० पौंडांपर्यंतच्या भागावर पाच टक्के दर ठेवण्यात आला. अशा रीतीने कमाल ५,००० पौंडांची बचत होई. परंतु घराची किंमत ५,००,००० पौंडांहून अधिक असल्यास सवलत मुळीच मिळत नसे. म्हणजे जुन्या पद्धतीतील दोष येथे दुसऱ्या रूपाने उरलाच. २३ सप्टेंबर २०२२ रोजी या मर्यादा अनुक्रमे ४,२५,००० व ६,२५,००० पौंड करण्यात आल्या. १ एप्रिल २०२५ पासून त्या पूर्ववत झाल्या. स्कॉटलंडमध्ये २०१५ पासून स्वतंत्र कर असून तेथे ३० जून २०१८ पासून प्रथम खरेदीदारांची करमुक्त मर्यादा १,४५,००० ऐवजी १,७५,००० पौंड ठरली. वेल्सने २०१८ मध्ये स्वतःचा कर सुरू केला. मात्र प्रथम खरेदीदारांसाठी वेगळी सवलत ठेवली नाही.

पात्रता : ‘प्रथम खरेदीदार’ या संज्ञेची व्याख्या कठोर आहे. इंग्लंडमध्ये जगात कोठेही पूर्वी घराची मालकी असलेली व्यक्ती अपात्र ठरते; ते घर वारसाहक्काने मिळालेले असले, तरी हा नियम लागू होतो. संयुक्त खरेदीत सर्व खरेदीदार प्रथम खरेदीदार असावे लागतात व घर मुख्य निवासासाठी घ्यावे लागते.

कॅनडा : ब्रिटिश कोलंबिया प्रांताने १९८७ मध्ये मालमत्ता खरेदीवर कर बसविला व १९९४ मध्ये प्रथम खरेदीदारांसाठी सूट योजना आणली. तेथे नागरिकत्व वा कायम वास्तव्याचा दर्जा आणि प्रांताशी ठरावीक काळाचा संबंध आवश्यक असतो. खरेदीदाराने नोंदणीनंतर ९२ दिवसांत घरात राहावयास जाऊन पहिले वर्ष तेथेच काढावे, अशी अट आहे. १ एप्रिल २०२४ पासून ८,३५,००० डॉलरपर्यंतच्या घरांच्या किंमतीतील पहिल्या ५,००,००० डॉलरवरील कर माफ होतो. ८,६०,००० डॉलरपर्यंत ही सूट क्रमाने घटत जाते. त्यामुळे ब्रिटनमधील एकदम बसणारा धक्का येथे सौम्य होतो. आँटॅरिओ प्रांतात परताव्याची कमाल मर्यादा २०१७ पासून ४,००० डॉलर झाली. टोराँटो शहराचा २००८ पासूनचा हस्तांतरण कर वेगळा असून त्यातही प्रथम खरेदीदारांस परतावा मिळतो.

मूल्यमापन : या सवलतीचा खरा लाभ कोणास होतो, हा तिच्याविषयीचा मुख्य वाद आहे. घरांचा पुरवठा अल्पकाळात वाढू शकत नाही. म्हणून करात वाचलेली रक्कम खरेदीदार घरासाठीच अधिक देऊ करतात व किंमती चढतात. ब्रिटनच्या अर्थसंकल्पीय उत्तरदायित्व कार्यालयाने २०१७ मध्ये असा अंदाज वर्तविला, की सवलतीमुळे किंमती सुमारे ०.३ टक्क्यांनी वाढतील, प्रथम खरेदीत केवळ सुमारे ३,५०० व्यवहारांची भर पडेल आणि मुख्य लाभ आधीच घर असलेल्यांना होईल. याउलट, समर्थकांच्या मते हाती रोकड कमी असलेल्यास खरेदीच्या क्षणी मिळालेला दिलासा किंमतवाढीने पूर्णतः पुसला जात नाही. शिवाय गुंतवणूकदाराशी स्पर्धा करताना त्याची बाजू थोडी बळकट होते. २०१६ पासून ब्रिटनने अतिरिक्त घरांवर अधिभार लावला, त्यामागेही हाच विचार होता.

महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून महिलांच्या नावे होणाऱ्या घरखरेदीस मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत लागू झाली. तिचा निकष मात्र प्रथम खरेदी नसून खरेदीदार स्त्री असणे हा आहे. घर मिळविणे सुलभ व्हावे हा दोन्हींचा हेतू असला, तरी नव्या घरांचा पुरवठा वाढल्यावाचून केवळ करसवलतीने तो साध्य होणे कठीण आहे, असेच ब्रिटनमधील अनुभव सुचवितो.