अडसर, जागल्या आणि माग

जुन्या वाड्याचे दार पाहिले की त्या काळच्या बंदोबस्ताची कल्पना येते. मोठ्या दरवाजात लहानशी दिंडी असे; तिच्यातून येणाऱ्याला वाकावे लागे आणि एका वेळी एकच माणूस आत शिरू शके. आत देवडीवर पहारा. रात्री भिंतीच्या पोकळीतला लाकडी अडसर ओढून दारामागे आडवा घालत. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला तर हत्तीची धडक थोपवणारे अणकुचीदार खिळे आहेत. तरीही ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून याच वाड्यात झाला. मारेकरी होते थकलेला पगार मागणारे, पेशव्यांच्याच चाकरीतले गारदी.

अडसर थोडा वेळ मिळवून देतो. पुढचे सारे माणसांवर असते. साध्या रयतेच्या घराला ना देवडी होती, ना खिळ्यांचा दरवाजा. तिची भिस्त गावाच्या जागल्यावर होती, आणि पुणे-सातारा भागात हे काम पुष्कळ ठिकाणी रामोशी करत. रात्री गस्त घालायची, गावात कोण आले-गेले ते ध्यानात ठेवायचे, प्रत्येकाची चालचलणूक ओळखायची. मोबदल्यात धान्याचा वाटा किंवा इनाम जमीन मिळे.

चोरी झालीच तर जागल्या पावलांचा माग काढी. माग शिवेपलीकडे गेला की तो शेजारच्या गावाच्या हवाली होई आणि जबाबदारीही तिकडे जाई. माग जिथे खुंटे, त्या गावाने भरपाई द्यायची: आधी जागल्याने ऐपतीप्रमाणे, उरलेली साऱ्या गावाने. एल्फिन्स्टनने १८१९च्या अहवालात ही पद्धत नोंदवली आणि ती अन्यायकारक असल्याचेही म्हटले. जी चोरी थांबवणे गावाच्या हाती नव्हते, तिचा भुर्दंड गावावर का? मात्र पूर्ण भरपाईचा आग्रह क्वचितच धरला जाई, हेही त्याने सांगितले आहे. दोष मान्य केले, तरी एका घराची चोरी ही साऱ्या गावाची बाब होती, हे उरतेच.

कंपनी सरकार आल्यावर ही वीण उसवली. पुरंदरच्या परिसरात पिढीजात पहारा करणाऱ्या रामोशांचे हक्क गेले, आणि त्या असंतोषातून उमाजी नाईकांचे बंड उभे राहिले. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी झाली. पुढे १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने देशातल्या कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. कायदा १९५२ साली रद्द झाला, त्या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या गेल्या. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी आजही आहेत.

ज्यांच्या भरवशावर गाव निर्धास्त झोपे, त्यांच्याच वंशजांना पाहून पुढे लोक कडी लावू लागले. आपल्या सोसायटीच्या फाटकावर रात्रभर जागणाऱ्या माणसाचे गाव कोणते, त्याला पगार वेळेवर मिळतो का, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असते? कॅमेरा बसवण्याआधी जुना इतिहास हाच प्रश्न विचारायला लावतो.