काळीचे भांडवल

आपल्याकडे गावाचे दोन भाग मानतात. वस्तीची ती पांढरी आणि पिकाची ती काळी. सोलापूर, मोहोळ, मंगळवेढे या टापूत काळीचा मान मोठा. मंगळवेढ्याला तर ज्वारीचे कोठारच म्हणत आले आहेत. पण या शब्दात एक फसगत दडलेली आहे, आणि आजच्या विषयाला तेथूनच सुरुवात करणे बरे. माती काळी दिसली की ती कसदार, म्हणजे तिच्यात कुजलेल्या झाडापाल्याचा भरपूर साठा, असा आपला समज असतो. युक्रेन व रशिया येथील काळ्या मातीपुरता तो खरा आहे. आपल्या काळीचा रंग मात्र दख्खनच्या कातळापासून झालेल्या चिकण मातीच्या जातीतून आणि त्या चिकणीला घट्ट धरून बसलेल्या थोड्याशा ह्यूमसमधून येतो. त्या ह्यूमसमधला कर्ब तोलून पाहिला, तर आपल्या जिरायत रानात शंभर भार मातीत जेमतेम अर्धा भार भरतो, पुष्कळदा त्याहूनही कमी. रंग सावकाराचा, पेटी मजुराची, असा हा प्रकार आहे.

श्रोतेहो, मी माग आणि विडी कामगारांच्या युनियनमध्ये काम करणारा माणूस. शेतीशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. जे आहे ते वाचनालयाच्या बाकावर बसून गोळा केलेले. सात रस्त्याच्या आसपास राहणाऱ्या आपल्यासारख्यांचा मातीशी संबंध आता तुळशीच्या कुंडीपुरता उरला आहे. मग हा विषय येथे कशाला, असे कोणी विचारील. पण १८७७ साली सोलापूरची जुनी गिरणी निघाली, ती १८७६–७८ च्या दुष्काळाच्या ऐन मध्यात. तेलंगणातून आलेली पद्मशाली मंडळी सोडली, तर कामगारवस्तीतल्या पुष्कळ घरांचा माग शेवटी एखाद्या वाळलेल्या शिवारात जाऊन थांबतो. पाऊस हटला, सारा आणि कर्ज थकले, ही कारणे इतिहासात नमूद आहेत. मातीतला साठा आटत गेला, हे कारण फारसे कोणी नमूद करीत नाही.

हा साठा येतो कोठून? वनस्पती आपला देह मातीतून खाऊन बनवते, असे माणसाला फार दिवस वाटत होते. १७७९ साली इंगेनहाउस या डच वैद्याने दाखवले की हिरवे पान उजेडातच हवा पालटते. १८०४ साली जिनीव्हाच्या द सोस्यूर याने मापे घेऊन सिद्ध केले की झाडातला कर्ब हवेतल्या कर्बवायूतून, म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइडमधून येतो. ज्वारीच्या वाळलेल्या ताटाचा जवळजवळ निम्मा भार म्हणजे हवेतून धरून आणलेला कर्ब. ताटाची मुळे, पाला, धसकट जमिनीत कुजले की सूक्ष्म जीव त्यावर पोट भरतात आणि त्यातला बहुतेक कर्ब श्वासावाटे पुन्हा हवेत सोडतात. थोडासा वाटा तेवढा चिकणीला बिलगून वर्षानुवर्षे राहतो. तोच ह्यूमस. त्याने ओल धरून ठेवली जाते, ढेकळे मऊ राहतात आणि पिकाला नत्र मिळतो.

म्हणजे मातीतला कर्ब हा तिजोरीत कुलूप लावून ठेवलेला पैसा नव्हे. तो घरखर्चातला पैसा आहे. रोज येतो आणि रोज जातो. शिल्लक राहील की नाही, हे आवक आणि खर्च यांच्या फरकावर ठरते. या खर्चाची एक तऱ्हा आपण दरवर्षी डोळ्यांनी नव्हे तर नाकाने अनुभवतो. मे महिन्यात रानाला भेगा पडतात, माती तापून भाजल्यासारखी होते आणि मृगाचा पहिला पाऊस पडतो. तो वास सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच वेळी वासाखेरीज आणखी एक गोष्ट घडते: कोरड्या मातीत दबून राहिलेले जीव एकदम जागे होतात आणि थोड्या दिवसांत कर्बवायूचा मोठा लोट बाहेर पडतो. केनियात काम करणाऱ्या बर्च नावाच्या संशोधकाने १९५८ च्या सुमारास याचा पद्धतशीर अभ्यास केला, आणि आज ही घटना त्याच्याच नावाने ओळखली जाते. पहिल्या पावसावर पीक तरारते, त्यात या नव्याने मोकळ्या झालेल्या नत्राचा हात असतो. फुकट मात्र काहीच नसते. भाजणे आणि भिजणे जितक्या वेळा, तितक्या वेळा साठ्याला हात लागतो.

आता इतिहास. मातीचे हे गणित आपल्या भाषेत कोणी मांडले होते का? मांडले होते, आणि तेही १८८३ साली. जोतीराव फुले यांचे 'शेतकऱ्याचा असूड' आपण शेटजी-भटजींवरील टीकेसाठी वाचतो आणि त्यातला मातीचा भाग घाईने ओलांडतो. डोंगरावरच्या झाडागवताची पाने-फुले आणि मेलेले जीव यांचे कुजलेले सत्त्व पावसाने धुपून ओढ्यानाल्यांत वाया जाते. सरकारने पलटणी व पोलीस यांच्याकरवी ताली-बंधारे घालून ते पाणी शेतातून मुरवावे, अशी त्यांची सूचना आहे. 'सेंद्रिय कर्ब' हा शब्द तेव्हा नव्हता, परंतु वस्तू तीच. सरकारच्या जंगलखात्याने गायराने आणि डोंगर बंद केल्यामुळे शेतकऱ्याची जनावरे उपाशी पडली, ही तक्रारही त्याच पुस्तकात आहे. गुरे कमी म्हणजे शेण कमी, हे कोणाला वेगळे सांगायला नको.

पुढे दहा वर्षांनी, १८९३ साली, विलायतेहून पाठवलेले रसायनशास्त्रज्ञ व्होएल्कर यांचा हिंदी शेतीवरचा मोठा अहवाल निघाला. साहेबलोकांत तेव्हा एक मत रूढ होते की हिंदी शेतकरी अडाणी, तो खत चुलीत जाळतो. व्होएल्कर यांनी हिंडून पाहिले आणि उलटे लिहिले: शेण जळते ते सरपण मिळत नाही म्हणून, सरपणाची राने राखून द्या, शेण आपोआप शेतात जाईल. माणसाच्या खोडीमागे त्याची अडचण शोधणारा हा अहवाल मला फार आवडतो. कारखान्यातली चौकशी अशा नजरेने होते तेव्हा निम्मे तंटे मिटतात.

शेणाच्या गोवऱ्यांवर मात्र गोष्ट थांबली नाही. आपल्या भागात कित्येक रानांत रब्बी ज्वारी विळ्याने कापत नाहीत, मुळासकट उपटतात. कडबा गुरांना जातो. कडब्याचा भाव काही वर्षी ज्वारीला लाजवतो. शेतात उरतील ती धसकटे, तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पळकाट्या हे सारे मजूर बायका वेचून नेत. कामगारवस्तीत माझ्या लहानपणी चुलीला हेच जळण होते, आणि त्यावर भाजलेली भाकरी खाऊन आम्ही वाढलो. कोणी म्हणेल की गिरणीच्या धुराड्याचा धूर आणि या चुलीचा धूर सारखाच. तो सारखा नाही. गिरणीच्या बॉयलरमधला कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या जंगलाचा कर्ब. तो जाळला की हवेत नवी भर पडते. धसकट गेल्याच हंगामात हवेतून आलेले. जळले नसते तरी कुजून त्यातला बराचसा कर्ब थोड्या वर्षांत हवेतच गेला असता. हवेचे त्याने फार बिघडत नाही. बिघडते ते मातीचे, कारण तिचा लहानसा शिल्लक वाटाही चुलीत जातो.

सोलापूरचा या विद्येशी थेट संबंध आला तो १९३३ साली. कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचे केंद्र येथे उघडले. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरीपासून सुरू झालेले काम येथे वाढवले. शेतातून वाहून जाणारे पाणी आणि माती मोजण्याचे देशातले आरंभीचे प्रयोग येथे झाले. बांध घाला, काही वर्षांआड खोल नांगरा, शेणखत द्या, कुळवाच्या पाळ्या घाला, ओळी रुंद ठेवा, बी कमी पेरा, असा त्यांचा उपदेश होता. १९४२ साली मुंबई इलाख्यात बांधबंदिस्तीसाठी जमीनसुधारणेचा कायदा झाला, त्यामागे हाच अनुभव होता. ओलीचा प्रश्न त्यांनी उत्तम ओळखला. कर्बाचा प्रश्न शेणखताच्या एका कलमात बसवून टाकला, असे मला वाटते. आणि शेणखत कोठून आणायचे, हे ते कलम सांगत नव्हते. तिकडे इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड हे त्याच सुमारास काडीकचऱ्यापासून कंपोस्ट करण्याची रीत बसवीत होते. त्यांचे पुस्तक १९३१ चे. वाडांचे नाव आपल्याकडे फारसे निघत नाही, ही आपली करंटी विसर.

खरा हिशेब लागला तो नंतर. १९७० पासून अखिल भारतीय कोरडवाहू योजनेचे एक केंद्र सोलापुरास चालू आहे, आणि १९८० नंतरच्या दशकात तेथे रब्बी ज्वारीवर एक दीर्घ प्रयोग लावण्यात आला. काही तुकड्यांना काहीच द्यायचे नाही, काहींना नुसता युरिया, काहींना शेणखत, काडीकचरा किंवा सुबाभळीचा पाला आणि जोडीला युरिया. दोन दशकांवर वर्षे लोटल्यानंतर काढलेला हिशेब असा: ज्याला काही मिळाले नाही, त्या तुकड्याचा साठा घटला, पाला किंवा शेणखत आणि थोडा युरिया अशी जोड मिळाली, त्यांचे उत्पन्न आणि कर्ब दोन्ही वरचढ राहिले. आणि साठा वाढवायचा नाही, नुसता आहे तेथे टिकवायचा म्हटला तरी हेक्टराला दरसाल टनाहून थोडा अधिक कर्ब मातीत जायला हवा.

हा आकडा आपण मजुरीच्या भाषेत करून पाहू. वीतभर खोलीची एक हेक्टर माती म्हणजे सुमारे दोन हजार टन. त्यात अर्धा टक्का म्हणजे अवघा दहा टन कर्ब. एवढ्या गंगाजळीवर निभाव लावायचा आणि त्यासाठी दरसाल निदान अडीच टन वाळका काडीकचरा, मुळे धरून, परत द्यायचा. जिरायत रानात बऱ्या साली कडबा पडतो तोही याच मापाचा! म्हणजे मातीला हवे तेच बैलाला हवे आणि तेच म्हशीलाही हवे. वाढावा नाहीच, आहे ती ओढाताण.

त्यात हवामान पालटते आहे. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ साली कर्बवायू मोजायला सुरुवात झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. २०२४ साली ४२० च्या वर गेला. जगातल्या मातीच्या वरच्या मीटरभर थरात मात्र सगळ्या हवेत आहे त्याहून दीडपटीपेक्षा जास्त सेंद्रिय कर्ब आहे. माती तापली की जीवांचा श्वास वाढतो. ओल असेल तर दहा अंशांना जवळजवळ दुप्पट. अमेरिकेत हार्वर्डच्या जंगलात १९९१ पासून जमिनीत तारा पुरून ती पाच अंशांनी तापवीत ठेवली आहे, आणि सव्वीस वर्षांचा निकाल असा की कर्ब टप्प्याटप्प्याने निसटतच राहिला. उलट बाजूने, हवेत कर्बवायू वाढल्याने काही झाडे जास्त जोमाने वाढतात, हेही खरे; पण ज्वारी त्या जातीची नव्हे, तिला त्याचा लाभ फार थोडा. पाऊस कमी दिवसांत आणि जोराने कोसळू लागला, तर वरचा थर, म्हणजे साठ्याचा सर्वांत श्रीमंत भाग, ओढ्याला लागतो. फुल्यांची तक्रार तेथे पुन्हा उभी राहते.

आशेला जागाच नाही असे नाही. इंग्लंडात रॉथम्स्टेड येथे एका जवाच्या तुकड्याला १८५२ ते १८७१ अशी वीस वर्षे शेणखत दिले आणि मग बंद केले. शंभरावर वर्षे उलटली तरी त्या तुकड्यात शेजारच्या बिनखती तुकड्यापेक्षा कर्ब जास्त सापडत राहिला. वीस वर्षांची ठेव इतकी पुरली. मात्र तो थंड देश आहे. आपल्याकडे चाळिशीपार ऊन असते. येथे ठेव तितकी टिकणार नाही. २०१५ साली पॅरिसच्या परिषदेत फ्रान्सने जगातील मातीचा कर्ब दरसाल हजारी चार या प्रमाणात वाढवण्याचा संकल्प सोडला, तो मी या कारणासाठी जपून वाचतो.

उजनीच्या पाण्यावर जिल्ह्यात ऊस वाढला आणि उसाचे पाचट पेटवण्याची चालही वाढली. हेक्टरी आठ-दहा टन पाचट एका काडीत जाते. जिरायत शेतकरी ज्या अडीच टनांसाठी तळमळतो, त्याच्या तिप्पट-चौपट हे. तेथे ना गुरांची अडचण, ना चुलीची. पाचट सरीत कुजवायला मजुरी आणि वेळ लागतो, एवढेच. घरोघर गॅस आल्यावर धसकट वेचणाऱ्या बाईचे ओझे कमी झाले आहे. टाकी परवडेनाशी झाली की ती पुन्हा रानात जाते. मातीत कर्ब साठवणाऱ्याला पैसे देण्याच्या योजना आता बोलल्या जात आहेत. त्यांचे करार सातबारा ज्याच्या नावावर त्याच्याशी व्हायचे. जिचे जळण आणि जिच्या शेळीचा चारा त्याच रानात राहायचा, तिच्या नावावर सातबारा नाही. त्या करारात तिच्या गॅसच्या टाकीचे आणि चाऱ्याचे एक कलम घातले पाहिजे, ही मागणी शेतकरी संघटनांनी आणि आम्ही युनियनवाल्यांनी मिळून करावयाची आहे, आणि ती करारावर सह्या होण्याच्या आधी.