लंडन ब्रिजखालचे पाणी आणि साउथ केन्सिंग्टनची परीक्षा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील कारागिरांची मुले, दुकानांतील उमेदवार आणि गिरणीतून सुटल्यावर रात्रीच्या वर्गाला बसणारे तरुण ज्या वाटेने विज्ञानाच्या पुस्तकांपर्यंत पोहोचले, ती वाट प्रामुख्याने एका परीक्षेची होती. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागातून कारभार पाहणारा ‘विज्ञान आणि कला विभाग’ ही परीक्षा घेत असे. 1851 च्या महाप्रदर्शनानंतर, ब्रिटिश उद्योगांना शास्त्राची जाण असलेली माणसे हवीत या विचाराने 1853 मध्ये हा सरकारी विभाग स्थापन झाला, आणि 1859 पासून त्याने गावोगावच्या वर्गांसाठी विज्ञानविषयांच्या परीक्षा सुरू केल्या. दरवर्षी मे महिन्यात सीलबंद प्रश्नपत्रिका देशभर रवाना होत, स्थानिक समित्यांच्या देखरेखीखाली पेपर लिहून घेतले जात आणि उत्तरपत्रिका तपासणीसाठी लंडनला परत येत. विद्यापीठाचे दार ज्यांना कधी उघडणार नव्हते त्यांनाही या परीक्षेला बसता येत असे, ही तिची थोरवी निःसंशय मान्य करावी लागते.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे ‘निकालानुसार अनुदान’ हे तत्त्व. वर्ग किती दिवस चालला वा शिक्षकाने काय शिकवले याऐवजी किती विद्यार्थी कोणत्या श्रेणीत उत्तीर्ण झाले, यावर सरकारी पैसा मिळत असे. 1862 मध्ये रॉबर्ट लो यांच्या सुधारित संहितेने हेच तत्त्व प्राथमिक शाळांतील वाचन, लेखन व गणितालाही लावले. पुढे मुंबई इलाख्यातील अनुदानित शाळांनाही ते लागू झाले आणि 1882 च्या हंटर शिक्षण आयोगासमोर त्याच्या गुणदोषांची चर्चा झाली, त्यामुळे मराठी मुलखातील शाळांच्या इतिहासालाही हे प्रकरण परके नाही.

पाणी हा विषय या परीक्षेच्या केंद्रापर्यंत आणण्याचे श्रेय थॉमस हेन्री हक्सले यांच्याकडे जाते. डार्विनच्या सिद्धान्ताचे खंदे समर्थक म्हणून ते प्रसिद्ध आहेत, परंतु शालेय विज्ञानासाठी त्यांनी केलेले कामही तितकेच मोलाचे आहे. 1869 मध्ये त्यांनी लंडन इन्स्टिट्यूशन या संस्थेत मुलांपुढे बारा व्याख्याने दिली, पुढच्या वर्षी ती साउथ केन्सिंग्टनला पुन्हा दिली, आणि एफ. डब्ल्यू. रडलर यांच्या साहाय्याने संस्कारित होऊन ती 1877 मध्ये ‘फिजिऑग्राफी’ या नावाने ग्रंथरूपात आली. निसर्गातील दृश्य घटनांची कार्यकारणसाखळी उलगडून दाखवणारे शास्त्र, असा हक्सले यांच्या लेखी त्या नावाचा आशय होता. पृथ्वी हा ध्रुवांशी चपटा गोल असून तो सूर्याभोवती लंबवर्तुळाकार मार्गाने फिरतो, असे मुलाला पहिल्याच पानावर सांगायचे, आणि शेवटचे पान उलटले तरी त्याला स्वतःच्या परगण्याचा नकाशा वाचता येऊ नये, ही तत्कालीन भूगोल-पुस्तकांची रीत त्यांना मुळीच मान्य नव्हती.

म्हणून त्यांचे पुस्तक लंडन ब्रिजवर सुरू होते. पुलाखालचे पाणी दिवसातून दोनदा समुद्राकडे ओसरते आणि दोनदा उलट चढून येते, तरीही एकंदरीत नदी समुद्राकडेच जाते, मग हे पाणी येते कोठून? या प्रश्नाचा माग काढत वाचक वरच्या अंगाला जातो आणि झऱ्यांपाशी पोहोचतो. सच्छिद्र खडूच्या डोंगरात पाऊस मुरतो, खालच्या चिकणमातीच्या थराने तो अडतो आणि उतारावर झरा होऊन बाहेर पडतो, हे कळल्यावर पाऊस आणि दव कसे बनतात हा प्रश्न आपोआप उभा राहतो. पुढे हिम, बर्फ, बाष्पीभवन व वातावरण असा क्रम लागतो, त्यानंतर शुद्ध पाण्याची रासायनिक घडण येते आणि पाठोपाठ नैसर्गिक पाण्यात विरघळलेल्या द्रव्यांचा विचार येतो. सूर्याचे प्रकरण सर्वांत शेवटी आहे, कारण पाणी वर उचलणारी उष्णता कोठून येते या प्रश्नाचे उत्तर तेथे मिळते. इतर पुस्तके जेथून आरंभ करीत तेथे हे पुस्तक संपते, आणि प्रश्नांच्या या क्रमातच हक्सले यांची खरी देणगी होती, असे म्हणावे लागते.

रासायनिक भागाला तेव्हा ताज्या वादाची पार्श्वभूमी होती. विल्यम निकल्सन आणि अँथनी कार्लाइल यांनी 1800 मध्ये विजेच्या प्रवाहाने पाण्याचे विघटन केले होते. पाण्यात थोडे आम्ल घालून दोन नळ्यांत वायू जमवले की एका नळीतील वायू दुसरीतल्या वायूच्या दुप्पट भरतो. दुप्पट भरलेला वायू, म्हणजे हायड्रोजन, ज्योत लावताच पेटतो, तर दुसऱ्या नळीतील ऑक्सिजनमध्ये धुमसती काडी धरली की ती पुन्हा भडकते. आकारमानाचे हे प्रमाण दोनास एक, आणि वजनाचे प्रमाण हायड्रोजन एक भाग तर ऑक्सिजन आठ भाग. मात्र या आकड्यांवरून अणूंची संख्या ठरवण्यात रसायनशास्त्रज्ञांची अनेक दशके गेली. डाल्टन यांनी पाण्याच्या कणात प्रत्येकी एकच अणू धरला होता आणि ती रीत इंग्रजी पाठ्यपुस्तकांत शतकाच्या मध्यानंतरही टिकून राहिली. 1860 च्या कार्ल्सरुए येथील परिषदेत रसायनशास्त्रज्ञ कान्निझारो यांच्या मांडणीने, समान आकारमानाच्या वायूंत कणांची संख्या सारखी असते या अव्होगाड्रो यांच्या जुन्या गृहीतकाला बळ मिळाल्यावरच दोन हायड्रोजन व एक ऑक्सिजन हे सूत्र हळूहळू सर्वमान्य झाले. साउथ केन्सिंग्टनच्या परीक्षा याच संक्रमणकाळात बाळसे धरत होत्या. आज एका गुणाच्या प्रश्नात विचारले जाणारे हे सूत्र तेव्हाच्या विद्यार्थ्याला हाती पडलेल्या पुस्तकाच्या जुनेनवेपणानुसार वेगवेगळे भेटण्याचा संभव होता.

याहून अधिक जिवंत भाग होता दुष्फेन पाण्याचा, म्हणजे ज्यात साबणाचा फेस सहज होत नाही अशा पाण्याचा. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि त्याच्या जोरावर खडूतील कॅल्शियम कार्बोनेट विरघळवते. थेम्सच्या खोऱ्यात खडूचे डोंगर असल्याने लंडनकरांना असेच पाणी मिळत असे. ते उकळले की वायू निघून जातो, विरघळलेला चुना टिकू शकत नाही आणि किटलीच्या तळाशी व कडांना पांढरा थर धरतो. ॲबर्डीन येथील प्राध्यापक टॉमस क्लार्क यांनी 1841 मध्ये चुन्याची निवळी घालून असे पाणी सुफेन करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले, आणि दुष्फेनता मोजण्याची साबण-चाचणीही त्यांचीच. बुचाच्या बाटलीत मोजून पाणी घ्यायचे, ठरावीक तीव्रतेचे साबणाचे द्रावण थोडे थोडे टाकत दर वेळी बाटली जोराने हलवायची, आणि वर आलेला फेस पाच मिनिटे टिकला की किती द्रावण खर्ची पडले ते पाहायचे. आरंभी फेसाऐवजी गढूळ साय दिसते, कारण साबण आधी चुन्याशी संयोग पावतो, आणि सगळा चुना संपल्यावर अवघ्या काही थेंबांनी बाटली फेसाने भरून जाते. एका गॅलनात एक ग्रेन कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे दुष्फेनतेचा एक अंश, असे मोजमाप रूढ झाले. ही चाचणी ज्याने एकदा स्वतःच्या हातांनी केली, त्याला तिच्यावरील उत्तर पाठ करावे लागत नसे.

परंतु बहुसंख्य उमेदवारांच्या हाती ती बाटली कधी आलीच नाही. विभागाने विषयांच्या यादीतील ‘प्राकृतिक भूगोल’ काढून त्या जागी फिजिऑग्राफी घातली आणि अल्पावधीतच ती सर्वाधिक पसंतीच्या विषयांत गणली जाऊ लागली. याचे एक कारण स्पष्ट आहे. उपकरणांचा खर्च न करता, केवळ वाचून आणि आकृत्या गिरवून हा विषय उत्तीर्ण होता येत असे. अनुदान निकालावर अवलंबून असल्याने परीक्षेच्या बेताने लिहिलेल्या स्वस्त पुस्तकांना मोठी मागणी आली. हेलियमचा शोध आणि ‘नेचर’ नियतकालिकाची स्थापना यांसाठी ख्यातकीर्त असलेले नॉर्मन लॉकयर यांच्या प्रभावाखाली या विषयात खगोलशास्त्राचा वाटाही वाढला. हक्सले यांनी शेवटी ठेवलेले आकाश अशा रीतीने पुढे सरकले आणि पुलाखालची नदी मागे पडली.

या पद्धतीची दोन्ही रूपे लेखक एच. जी. वेल्स यांच्या आयुष्यात एकत्र दिसतात. 1883 मध्ये कापडाच्या दुकानातील उमेदवारी सोडून ते मिडहर्स्ट येथील शाळेत शिकाऊ शिक्षक झाले. मुख्याध्यापक होरेस बायट यांनी अनुदानासाठी रात्रीचे विज्ञानवर्ग नोंदवले होते, पण वेल्स यांच्या आत्मचरित्रानुसार त्यांत शिकवणे असे फारसे नव्हतेच. वेल्स पाठ्यपुस्तके वाचून काढीत आणि मुख्याध्यापक शेजारी बसून स्वतःची कामे उरकीत. या निव्वळ घोकंपट्टीवर वेल्स यांनी मे महिन्याच्या परीक्षांत एवढे उत्तम यश मिळवले की विभागाने त्यांना 1884 मध्ये नॉर्मल स्कूल ऑफ सायन्स येथे शिष्यवृत्ती दिली आणि ते थेट हक्सले यांच्याच वर्गात जाऊन बसले. ज्या व्यवस्थेवर पोकळपणाचा आरोप झाला, तिनेच एका होतकरू मुलाला दुकानाच्या गल्ल्यापासून प्रयोगशाळेपर्यंत नेले. टीकाकारांनी या बाजूला न्याय दिला नाही, असेच इतिहास पाहता वाटते. वेल्स यांनी पुढे पत्रद्वारा शिकवणाऱ्या संस्थेत परीक्षार्थींची तयारी करून घेतली आणि 1893 मध्ये आर. ए. ग्रेगरी यांच्यासह फिजिऑग्राफीच्या ऑनर्स परीक्षेचे पुस्तकही लिहिले.

टीकेची धार सर्वांत तीव्र होती ती रसायनशास्त्रज्ञ हेन्री आर्मस्ट्राँग यांची. विद्यार्थ्याने शोधकाच्या भूमिकेतून प्रयोग करत निष्कर्षाकडे जावे, या त्यांच्या शोधनपद्धतीत पाठ केलेल्या उत्तराला स्थान नव्हते. अशा दडपणातून 1890 च्या दशकात निकालानुसार अनुदान टप्प्याटप्प्याने मागे घेतले गेले, शाळांत प्रयोगशाळा उभ्या राहू लागल्या, आणि 1899 च्या कायद्याने स्थापन झालेल्या शिक्षण मंडळात विज्ञान आणि कला विभाग विलीन झाला. फिजिऑग्राफीही स्वतंत्र विषय म्हणून क्षीण होत गेली. तिच्यातील पाण्याचे विघटन, सूत्र आणि दुष्फेनता रसायनाकडे गेली, दव आणि बाष्पीभवन भौतिकीने घेतले, झरे, नदीचे खनन आणि गाळ भूगोलाच्या वाट्याला आले, आणि त्यानंतरचा विद्यार्थी एकाच पाण्याची तयारी तीन वेगवेगळ्या विषयांखाली करू लागला.