श्रीपत शेषाद्री : घर कुणाचं, मुलगा कुणाचा?

मित्रहो, मागच्या व्याख्यानानंतर सतरा वर्षांची एक मुलगी आमच्यापाशी आली. म्हणाली, “सर, आई-वडिलांच्या परवानगीशिवाय मला घर सोडता येईल का? कायदा काय म्हणतो?” आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, वकिली केली नाही. त्यामुळे त्या क्षणी आम्ही थोडे अडखळलोच. आज उत्तर देतो, पण जरा वळसा घालून. हा वळसा मुंबईच्या सुप्रीम कोर्टावरून जातो. तेव्हा हायकोर्ट नव्हतं बरं का, कंपनी सरकारच्या काळातलं सुप्रीम कोर्ट होतं.

१८३९ साली धनजीभाई नौरोजी नावाचा एक पारशी मुलगा घर सोडून डॉ. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याकडे गेला. वय सोळाच्या आसपास. त्याने ख्रिस्ती दीक्षा घेतली आणि पारशी समाजात खळबळ माजली. नातेवाइकांनी हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. म्हणजे काय, तर ‘अमुक माणसाला कुणी अडकवून ठेवलंय, त्याला कोर्टापुढे आणा’ अशी मागणी. मुलगा कोर्टात आला. आपलं भलंबुरं कळण्याचं वय त्याला आलंय, असं कोर्टाला वाटलं आणि त्याची मर्जी विचारली गेली. तो विल्सनसाहेबांकडे परत गेला.

यानंतर चारच वर्षं गेली. १८४३. त्याच मिशनच्या शाळेत शिकणारा नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. रॉबर्ट नेस्बिट या मिशनऱ्याने त्याला दीक्षा दिली. त्याच्या मागोमाग त्याचा धाकटा भाऊ श्रीपत घर सोडून नेस्बिटकडे जाऊन राहिला. हा पोरगा बाराएक वर्षांचा. वडील कोर्टात गेले. पुन्हा हेबियस कॉर्पस, पुन्हा खच्चून भरलेलं न्यायालय. या वेळी न्यायासनावर सर अर्स्किन पेरी. मुलाची समज किती आहे हे तपासत बसण्यापेक्षा त्यांनी त्याचं वय पाहिलं, बापाचा हक्क पाहिला आणि श्रीपतला वडिलांच्या ताब्यात दिलं.

खटल्याचं नाव पाहा : राणी विरुद्ध नेस्बिट. एका बाजूला इंग्लंडची राणी, दुसऱ्या बाजूला पाद्री. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्या श्रीपतचं नाव त्यात कुठेच नाही!

निकाल चुकला असं आम्ही म्हणणार नाही. बारा वर्षांच्या पोराने धर्म बदलायचं ठरवलं आणि तो घराबाहेर पडला, तर आपल्यापैकी किती आई-बाप ‘त्याची मर्जी’ म्हणून गप्प बसतील? पण दोन खटल्यांतला प्रश्न बदलला, हे लक्षात घ्या. पहिल्यात विचारलं गेलं, याला काय हवंय? दुसऱ्यात, हा कुणाचा? हे दोन्ही प्रश्न तेव्हापासून आपल्या कायद्यात एकमेकांशेजारी नांदताहेत.

आणि खरी गोष्ट तर निकालानंतर सुरू होते. कोर्टाने मुलगा घरी पाठवला खरा, पण घर त्याला घेईना. तो पाद्र्याच्या घरी राहिला, जेवला, म्हणजे बाटला. बाप कायद्याने जिंकला आणि जातीने अडला. इथे बाळशास्त्री जांभेकर पुढे आले, ‘दर्पण’कार बाळशास्त्री. प्रायश्चित्त देऊन या मुलाला परत घ्यावं, असं त्यांनी मांडलं. सनातनी मंडळी खवळली, शास्त्रार्थ झाले, तट पडले आणि खुद्द बाळशास्त्रींना त्याची झळ सोसावी लागली. त्यानंतर दोन-अडीच वर्षांतच, १८४६ साली, ते गेले. थोरला नारायण मात्र पुढे पाद्री झाला आणि जालन्याजवळ त्याने बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. सज्ञान म्हणून त्याची वाट त्याला निवडता आली.

पुढचा कायदा भराभर सांगतो. १८७५च्या कायद्याने सज्ञानतेचं वय अठरा ठरलं. १८९०चा पालक व पाल्य कायदा तर श्रीपतचीच आठवण करून देतो. त्याच्या कलम २५ नुसार पाल्य पालकाकडून निघून गेला, तर त्याला परत पाठवण्याचा हुकूम कोर्ट देऊ शकतं, अगदी त्याला पकडून आणवूही शकतं. पण एका अटीवर : परत येणं पाल्याच्या हिताचं हवं. आणि कलम १७ म्हणतं, पालक नेमताना मूल समजण्याइतकं मोठं असेल तर त्याची पसंती विचारात घेता येईल. ‘घेता येईल’, ‘घ्यावीच’ नव्हे. कायद्यातली क्रियापदं नीट वाचायची असतात.

अल्पवयीन मुलाने घर सोडणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. गुन्हा आहे तो त्याला पालकाच्या ताब्यातून नेणाऱ्याचा किंवा फूस लावणाऱ्याचा. यातही सर्वोच्च न्यायालयाने १९६४च्या सप्टेंबरमध्ये वरदराजन खटल्यात एक बारीक भेद केला. अठराच्या उंबरठ्यावरची, कळती मुलगी स्वतः होऊन बाहेर पडली आणि एखाद्याने तिला फक्त सोबत येऊ दिलं, तर ते ‘नेणं’ ठरत नाही. मुलीच्या स्वतःच्या पावलांना कायद्याने मोजलं ते असं.

आता त्या मुलीचं उत्तर. बाई गं, तू निघालीस म्हणून तुला तुरुंग नाही, पण तुझे वडील तुला परत मागू शकतात. घरात मारहाण, जबरदस्तीचं लग्न, असलं काही असेल तर १०९८ हा फोन आहे आणि जिल्ह्यात बालकल्याण समिती असते. २०१५च्या बालन्याय कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे, मूल पुरेसं समजतं असेल तर समितीने निर्णय देताना त्याची इच्छा विचारात घ्यायची आहे. तिथे गेलीस तर आपलं म्हणणं स्वतःच्या तोंडाने सांग, आणि ते लिहून घ्यायला लाव.

हे सगळं आम्ही तिला सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, “सर, मग श्रीपतला त्याच्या आईने जेवायला कुठे बसवलं असेल?”