मसुद्यामागचे हात

एन्नोरच्या किनाऱ्यावर दोन बंदरे शेजारी शेजारी आहेत. त्यांपैकी आज कामराजर या नावाने ओळखले जाणारे बंदर १९९९ मध्ये 'प्रमुख बंदर' म्हणून घोषित झाले व केंद्राच्या कक्षेत आले. त्याच्या उत्तरेचे कट्टुपल्ली मात्र राज्याच्या सागरी मंडळाच्या कक्षेत मोडते. या भेदाचे मूळ राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. संघसूचीतील २७ वी आणि समवर्ती सूचीतील ३१ वी अशा दोन नोंदींनी बंदरांची ही वाटणी केली. येथे बदलून आलेल्या मराठी अधिकाऱ्याला त्या नोंदींचा आधार नित्य घ्यावा लागतो. पण त्यांची शब्दयोजना करणारे हात कोणाचे, हा प्रश्न सहसा मनात येत नाही.

घटनासमितीत तो प्रश्न एका मराठी माणसाने उपस्थित केला. ५ नोव्हेंबर १९४८ रोजी मद्रासचे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी सभागृहास सांगितले होते, की मसुदा समितीचे सदस्य या ना त्या कारणाने दूर राहिले आणि सारा भार डॉ. आंबेडकरांवर पडला. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी समारोपाच्या भाषणात डॉक्टरांनी ते श्रेय एकट्याकडे ठेवले नाही. समितीच्या विचारासाठी कच्चा मसुदा सिद्ध करणारे सर बेनेगल नरसिंग राव आणि समितीतील सहकारी यांचा वाटा त्यांनी सांगितला. त्याहूनही मोठा वाटा त्यांनी मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना दिला. अत्यंत गुंतागुंतीचा प्रस्ताव साध्या व स्वच्छ कायदेशीर भाषेत उतरविण्याचे त्यांचे सामर्थ्य वाखाणले. मुखर्जींच्या हाताखाली कधी कधी मध्यरात्र उलटेपर्यंत राबलेल्या कर्मचाऱ्यांनाही ते विसरले नाहीत.

हे केवळ सौजन्य नव्हते. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. एक कलम वाढले, की पुढचे क्रमांक आणि कलमांतील परस्परनिर्देश ताडून पाहणे आलेच. सभागृहात निर्णय होई. त्याला न्यायालयात टिकेल असे रूप मात्र कचेरीतच मिळे.

त्या कर्मचाऱ्यांची नावे भाषणात आली नाहीत. तथापि गौरवाच्या क्षणी त्यांचे श्रम इतिहासाच्या दप्तरात नोंदले गेले, हे थोडे नव्हे. दुसऱ्याने सिद्ध केलेल्या टिपणीखाली आपण रोज सही करतो. ती करताना या भाषणाची आठवण ठेवणे आपणा अधिकाऱ्यांस अगत्याचे आहे.