लिस्मोरची लाकडी घरे : वारसा वास्तूचा की जागेचा?

सातवा एडवर्ड १९०१ ते १९१० या काळात ब्रिटनच्या गादीवर होता. त्याच्या नावाने ओळखली जाणारी घरे इंग्लंडमध्ये बहुधा विटांची. ऑस्ट्रेलियाच्या लहान नगरांत मात्र ती प्रामुख्याने लाकडाची आढळतात. १ जानेवारी १९०१ रोजी तेथील वसाहतींचे संघराज्य झाले, म्हणून या शैलीला तिकडे ‘फेडरेशन’ असेही नाव आहे. न्यू साउथ वेल्सच्या ईशान्य कोपऱ्यात, विल्सन्स नदीकाठी वसलेल्या लिस्मोरमध्ये अशा घरांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या.

त्यांची रचना साधी, पण विचारपूर्वक केलेली. जमिनीत रोवलेले जाड लाकडी खुंट, त्यांच्या माथ्यावर वाळवी रोखण्यासाठी पत्र्याच्या टोप्या, वर लाकडी सांगाडा आणि बाहेरून एकीवर एक किंचित चढवलेल्या आडव्या फळ्या. छपराला पन्हळी पत्रा, पुढे कोरीव जाळीचा व्हरांडा. आतील भिंतीही एकमेकींच्या खाचेत बसणाऱ्या फळ्यांच्याच. पूर आला की पाणी आत शिरते, ओसरल्यावर घर धुऊन वाळवता येते. आजच्या जिप्सम बोर्डाला हे साधत नाही. तो भिजला की फेकावाच लागतो.

घरांचे मोल केवळ नक्षीत नाही. या परिसरात एके काळी सुमारे ७५ हजार हेक्टरवर ‘बिग स्क्रब’ हे पर्जन्यवन पसरले होते. भारतात ‘तून’ म्हणून परिचित असलेल्या वृक्षाच्या लालसर लाकडासाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तोडणारे येथे आले. पाठोपाठ शेती व दुग्धव्यवसायासाठी उरलेले रानही साफ झाले. आज त्या वनाचा एक टक्काही शिल्लक नाही. जुन्या घरांच्या फळ्या म्हणजे नाहीशा झालेल्या अरण्याचा अवशेष होत. तशा दर्जाचे लाकूड आता सहजी मिळत नाही. तरीही वारसायादीत आधी मान मिळतो तो न्यायालये, बँका आणि चर्चना. सामान्य कुटुंबाचे घर मागे राहते.

२८ फेब्रुवारी २०२२ रोजी नदीने १४.४ मीटरची पातळी गाठली. नोंदीतील आधीच्या सर्वांत मोठ्या पुरापेक्षा ती दोन मीटरहून अधिक होती. जुन्या पुरांच्या हिशेबाने उंच उचललेली घरेही बुडाली. अनेकांना छपरांवरून खासगी होड्यांनी वाचवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्र व राज्य सरकारांनी सर्वाधिक धोक्यातील घरे विकत घेण्याची योजना जाहीर केली. अशा भूखंडांवर पुन्हा वस्ती होऊ द्यायची नाही, हा हेतू. मग रिकाम्या घरांचे काय? काही पाडण्यात आली, काही अन्यत्र हलवण्यासाठी राखण्यात आली.

येथेच वारशाच्या शास्त्रापुढे पेच उभा राहतो. ऑस्ट्रेलियातील जतनकार्य १९७९ मध्ये स्वीकारलेल्या आणि २०१३ मध्ये सुधारलेल्या ‘बुरा सनदे’नुसार चालते. वास्तूचे स्थान हा तिच्या महत्त्वाचाच भाग असून, टिकवण्याचा दुसरा व्यवहार्य मार्गच नसल्याखेरीज ती हलवू नये, असे सनद सांगते. मात्र सहज हलवता येतील अशाच बेताने बांधलेल्या इमारतींचा अपवादही त्याच कलमात आहे. खुंटांवरचे लाकडी घर दोन तुकडे करून ट्रकवरून नेण्याची या भागात जुनी रीत आहे, त्यामुळे तेही या अपवादात बसू शकते. मात्र त्यासाठीची अट अशी : सध्याच्या जागेशी त्याचे महत्त्वाचे नाते नसावे.

लिस्मोरमध्ये ही अटच अवघड ठरते. घराची उंची या नदीच्या पुरांवरून ठरलेली. टेकडीवर नेल्यावर त्या उंच खुंटांना अर्थ उरत नाही. व्हरांड्याची शोभाही रांगेत अधिक होती. तथापि पाडलेल्या घराच्या तुलनेत हलवलेले घर निदान आपले लाकूड तरी वाचवते. बदलापूर्वी आणि नंतर वास्तूची पुरेशी नोंद व्हावी, अशीही सनदेची अपेक्षा आहे. घर उचलण्याआधी त्याची मापे, छायाचित्रे, खुंटांची उंची आणि भिंतींवरील पुराच्या खुणा टिपून ठेवणे हे त्यातच येते.