कोण कोणाला दिसतं?

गेल्या पावसाळ्यात सांगलीला आईचं नवं बचत खातं उघडायचं होतं, तेही बँकेत न जाता, घरच्या लॅपटॉपवरून. बँकेच्या पानावर ‘व्हिडिओ केवायसी सुरू करा’ असं बटण होतं. आईने ते दाबलं आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक लहानशी चौकट उघडली: या साइटला तुमचा कॅमेरा आणि मायक्रोफोन वापरायचा आहे, परवानगी द्यायची का? आईने माझ्याकडे बघितलं. ‘हो म्हणू?’ आणि हो म्हणण्याआधी तिने पदर सारखा केला, मागच्या दोरीवर वाळत घातलेले कपडे मला काढायला लावले, खुर्ची भिंतीकडे सरकवली. मगच बोट पुढे गेलं.

मी पोटापाण्यासाठी अशाच खिडक्या बांधते. कस्टमर केअरच्या पानावर खाली कोपऱ्यात उमटणारी चॅटची खिडकी, तिच्यातलं व्हिडिओचं बटण, पलीकडचा माणूस. तंत्र म्हणून हे सगळं मला पाठ आहे. पण आईने दोरीवरचे कपडे काढायला लावले तेव्हा या खिडकीच्या कुळकथेतला खरा प्रश्न माझ्यासमोर आला. समोरचा दिसावा, ऐकू यावा हे साधायला माणसं पन्नास वर्षं झटली. कोण कोणाला दिसणार, हा प्रश्न त्या प्रत्येक टप्प्यावर त्यांच्यासोबत होता.

१९७३ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात प्लेटो नावाची संगणकावर शिकवण्याची यंत्रणा होती. नारिंगी अक्षरांचे पडदे, सगळे एकाच मोठ्या संगणकाला जोडलेले. तिथे डग ब्राउन आणि डेव्हिड वूली यांनी ‘टॉकोमॅटिक’ तयार केलं. पडद्याचे आडवे पट्टे पाडलेले, प्रत्येक माणसाला एक पट्टा, एका खोलीत पाच जण. इथे लिहून झाल्यावर पाठवायचं नसे. कळ दाबली की अक्षर सगळ्यांच्या पडद्यावर. चुकलं, खोडलं, अडखळलं, सगळं दिसे. आणि ते पाचही जणांना एकमेकांचं सारखंच दिसे. ही बरोबरी लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे ती मोडली.

वेबचा पिंड मात्र गप्पांचा नव्हताच. टिम बर्नर्स-ली यांनी ते सर्न या संशोधनसंस्थेत उभं केलं ते कागदपत्रं मागण्या-देण्यासाठी. ब्राउझरने मागायचं, सर्व्हरने द्यायचं आणि विषय संपला. सर्व्हरला आपणहून हाक मारता येत नाही. टपालखात्यासारखा कारभार हा: तुम्ही पत्र टाकलंत तर उत्तर येईल, नाही टाकलंत तर पोस्टमन तुमच्या दारात उभा राहणार नाही. अशा व्यवस्थेवर गप्पा चालवायच्या म्हणजे दर दोन-चार सेकंदांनी ‘काही आलंय का?’ असं पत्र टाकत राहायचं. सुरुवातीच्या चॅटखिडक्या तशाच चालत. मग १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरमध्ये, त्यांच्या ईमेलच्या पानासाठी, एक सोय आली: अख्खं पान न हलवता मागच्या मागे सर्व्हरशी बोलायचं. तिच्यावर पुढे एक युक्ती रुळली. ब्राउझरने विचारायचं आणि सर्व्हरने उत्तर लगेच द्यायचंच नाही, पत्र हातात धरून बसायचं. निरोप आला की तेवढ्यात उत्तर द्यायचं. ब्राउझर लगेच पुढचं पत्र टाकणार. २००६ मध्ये अलेक्स रसेल यांनी असल्या युक्त्यांना ‘कॉमेट’ असं नाव दिलं.

डिसेंबर २०११ मध्ये वेबसॉकेटचं मानक प्रसिद्ध झालं आणि ही ओढाताण संपली. ब्राउझर नेहमीसारखं पत्र टाकतो, पण त्यात विनंती असते की आता पत्रव्यवहार पुरे, तार जोडलेलीच ठेवू. सर्व्हर १०१ असा आकडा परत करतो. पान सापडलं नाही की येणारा ४०४ सगळ्यांनी पाहिलेला असतो; १०१ पडद्यावर कधी उमटत नाही, पण तो आला की दोन्ही बाजूंना वाटेल तेव्हा बोलता येतं. ‘पलीकडून टाइप करत आहेत...’ हे तीन टिंबांचं आश्वासन आज बहुधा याच तारेवरून येतं.

अक्षरांना उशीर चालतो. आवाजाला चालत नाही. एका तोंडातून दुसऱ्या कानापर्यंत साधारण १५० मिलिसेकंदांच्या आत शब्द पोचला तर संभाषण सहज वाटतं, हा टेलिफोनवाल्यांचा जुना दंडक आहे. त्यापलीकडे गेलं की दोघं एकदम बोलायला लागतात, एकदम थांबतात, मग ‘बोला, बोला, तुम्ही बोला’. म्हणून आवाजाचे सहसा २० मिलिसेकंदांचे तुकडे करतात, सेकंदाला पन्नास. एखादा तुकडा वाटेत हरवला तर वेबच्या नेहमीच्या रीतीने तो परत मागण्यात फारसा अर्थ नसतो. तो येईपर्यंत वाक्य पुढे गेलेलं असतं. आणि सगळे तुकडे ठरल्या अंतराने येतही नाहीत. ऐकणाऱ्या बाजूला मग एक छोटं कोठार ठेवावं लागतं. तुकडे उशिरा आले तर हातातला आवाज किंचित ताणायचा, गर्दी झाली तर किंचित आवळायचा, आणि हे सगळं पट्टी न बदलता, ऐकणाऱ्याला न कळता. माझ्या मते या साऱ्या कुळकथेतलं सर्वांत नाजूक काम हेच.

ते करण्यात मुरलेली एक कंपनी स्वीडनमध्ये १९९९ साली निघाली होती, ग्लोबल आयपी साउंड. तिचं तंत्र स्काइपसारख्या कंपन्यांनी विकत घेऊन वापरलं. गूगलला तेव्हा वेगळीच अडचण होती. २००८ मध्ये जीमेलमधून व्हिडिओवर बोलता येऊ लागलं, पण त्यासाठी आधी प्लगिन उतरवून घ्यावं लागे. कस्टमर केअरला तर ही अट मुळावरच येणारी. ज्याचं काहीतरी बिघडलंय, जो आधीच वैतागलाय, त्याला पहिली सूचना काय, तर अजून एक गोष्ट इन्स्टॉल करा. २०१० मध्ये गूगलने ही स्वीडिश कंपनी सुमारे ६ कोटी ८२ लाख डॉलरना घेतली आणि २०११ मध्ये तिचं आवाजाचं तंत्र, चित्राच्या तंत्रासह, सगळ्यांना फुकट वापरायला खुलं करून टाकलं. त्याचं नाव वेबआरटीसी. लाखमोलाची विद्या अशी उघड्यावर ठेवली गेली नसती तर सहकारी पतपेढीला किंवा दहा माणसांच्या कंपनीला असं बटण परवडलं नसतं. ही मला त्या दशकातली फार मोठी गोष्ट वाटते. चित्र दोनपैकी कोणत्या पद्धतीने आवळायचं यावरून पुढे वर्षानुवर्षं भांडण झालं. २०१४ च्या नोव्हेंबरात होनोलुलूच्या बैठकीत दोन्ही पद्धती ब्राउझरांनी पाळायच्या असं ठरून ते मिटलं. त्याच्या बरंच आधी, फेब्रुवारी २०१३ मध्ये, क्रोम आणि फायरफॉक्स एकमेकांशी व्हिडिओवर बोलले होते.

पण आवाज आला, चित्र आलं तरी पत्ता कुठून आणायचा? इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत पत्ते सुमारे ४२९ कोटीच. ते पुरणार नाहीत हे दिसू लागलं तेव्हा १९९४ मध्ये एक तोड सुचवली गेली: घरातल्या सगळ्या यंत्रांनी मिळून बाहेर एकच पत्ता वापरायचा. जुन्या वाड्यासारखं. आत बारा बिऱ्हाडं, पण रस्त्यावर एकच दिंडीदरवाजा. आतून कोणी बाहेर पत्र धाडलं तर त्याचं उत्तर कोणत्या बिऱ्हाडाचं हे दरवाज्यावरचा माणूस लक्षात ठेवतो. बाहेरून कोणी अनोळखी आपणहून आला तर त्याला आत घेत नाही. आता दोन वेगवेगळ्या वाड्यांतल्या दोघांना बोलायचंय आणि आपला बाहेरचा पत्ता दोघांनाही माहीत नाही.

उत्तर शोधलं ते मोठं सुरेख आहे. प्रत्येकाने आधी रस्त्यावरच्या एका तिऱ्हाइताला विचारायचं, ‘मी तुम्हाला कुठून आलेला दिसतोय?’ तो दिसणारा पत्ता सांगतो. मग दोघांनी आपापले पत्ते चॅटच्या तारेवरून एकमेकांना कळवायचे आणि एकाच वेळी एकमेकांच्या दिशेने पत्रं टाकायची. दोन्ही दरवाज्यांवरच्या माणसांना वाटतं, आपल्याच माणसाने धाडलेल्या पत्राचं हे उत्तर आलं. वाट मोकळी होते. काही वाड्यांचा पहारा इतका कडक असतो की हेही चालत नाही. तिथे मधल्या एका सर्व्हरला सगळं ने-आण करायला सांगावं लागतं. त्याचा खर्च येतो, पण दोघांच्या बोलण्यातला असा मध्यस्थ पाकीट पोचवतो, फोडू शकत नाही. वेबआरटीसीत आवाज आणि चित्र कुलूपबंद असलंच पाहिजे, त्याला पर्याय ठेवलेला नाही. कॅमेऱ्याची परवानगीही पान स्वतः विचारत नाही, ब्राउझर विचारतो. २०१५ च्या अखेरीपासून क्रोमने तर असुरक्षित पानांना कॅमेरा मागण्याची सोयच बंद केली. आईसमोर उघडलेल्या चौकटीत हे सगळं होतं.

ग्राहकाला दिसायचंच नसेल तर? या प्रश्नाचं मला सर्वांत आवडलेलं उत्तर २०१३ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या किंडल फायर एचडीएक्स टॅबलेटवर आलं. त्यावर ‘मेडे’ नावाचं बटण होतं. दाबलं की पंधरा सेकंदांच्या आत मदतनीस हजर व्हावा असं त्यांनी योजलं होतं. छोट्या चौकटीत मदतनीस दिसे. त्याला तुमचा पडदा दिसे, त्यावर रेघ ओढून ‘इथे दाबा’ दाखवता येई. तुमचा चेहरा मात्र त्याला दिसत नसे. अडलेला माणूस कसाही बसलेला असो, घर कसंही असो, मदत करणाऱ्याने समोर यायचं. ती सेवा २०१८ मध्ये बंद झाली.

याच्या उलट प्रकारही मी कामात पाहते. काही चॅट-प्रणालींत ग्राहक काय टाइप करतोय हे तो पाठवण्याआधीच कर्मचाऱ्याला दिसतं. उत्तर लवकर देता यावं म्हणून. टॉकोमॅटिकचंच तंत्र, पण आता दिसणं एका बाजूचं. रागाने लिहून खोडलेलं वाक्य पलीकडे वाचलं जातं आणि लिहिणाऱ्याला पत्ताही नसतो. ही सोय मी वापरत नाही. मागितली तरी ‘आधी ग्राहकाला तसं लिहून सांगा’ असा हट्ट धरते.

बँकेचं प्रकरण तिसऱ्या जातीचं. इथे ग्राहक दिसणं हेच काम. रिझर्व्ह बँकेने ९ जानेवारी २०२० रोजी व्हिडिओवरून ओळख पटवायला मान्यता दिली. त्यात अटी आहेत: ग्राहक भारतात आहे हे ठिकाणावरून ताडायचं आणि प्रश्नांचा क्रम किंवा प्रकार बदलत राहायचा, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेलं चित्र कोणी लावलं असेल तर उघडं पडेल. पुढच्याच वर्षी, २६ जानेवारी २०२१ ला, वेबआरटीसी अधिकृत मानक झालं.

आईला या अटी कुठे माहीत? आधी ठिकाण विचारणारी चौकट आली तेव्हा ती म्हणाली, ‘आणि घर कुठाय ते कशाला?’ मग पडद्यावर एक तरुण अधिकारी आला. जन्मतारीख विचारली, मग एकदम शिक्षण, मग पुन्हा गाव. आईने प्रत्येक उत्तर वर्गात उभं राहून द्यावं तसं दिलं. पॅनकार्ड धरलं तर खिडकीचा उजेड त्यावर चकाकला, अक्षरं दिसेनात. ‘मॅडम, जरा तिरकं धरा. अजून थोडं. हां, बास.’ तो त्याच्या कॅमेऱ्यासमोर मान वाकडी करून दाखवत होता, आणि आईही कार्डाबरोबर तशीच मान वाकडी करत होती.

पाच-सात मिनिटांत झालं. त्याने नमस्कार केला, आईने केला, चौकट मिटली. मी लॅपटॉप बंद करायला हात पुढे केला तर आईने थांबवलं. कॅमेऱ्याशेजारचा हिरवा दिवा अजून लागलेला होता. तो विझला तेव्हा ती खुर्चीत मागे रेलली आणि म्हणाली, ‘आता ते कपडे परत घाल दोरीवर. ओले आहेत अजून.’